कोकण किनाऱ्याची सायकल राईड : जायचं की नाही हे ठरवण्यात गेलेले दोन महिने

५ नोव्हेंबर २०२३, दिवाळीच्या आधीचा रविवार. फराळाची भाजणी दळायला टाकून आले आणि फोन बघितला तर सोसायटीतल्या मैत्रिणीने एक मेसेज पुढे पाठवलेला. हरिहरेश्वर ते रत्नागिरी, २६ ते २८ जानेवारी, तीन दिवस, २१५ किलोमीटर, समुद्राकाठचा रस्ता, वाटेत तीन जेट्ट्या (म्हणजे बोटीने खाडी ओलांडायची), राहणं-जेवण-सपोर्ट गाडी सगळं धरून ७,८०० रुपये, ३० नोव्हेंबरनंतर ८,८००. खाली आरे-वारेच्या वळणाचा फोटो, उजवीकडे खाली समुद्र आणि रस्त्यावर एकच सायकलवाला. तो फोटो मी दिवसभरात किती वेळा उघडला असेल सांगता येणार नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे हे वाचणाऱ्याला आपण कुठे बसतो ते कळेल. वय ४७, नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करायची, राहते पुण्यात वडगाव बुद्रुकला. सायकल लॉकडाऊनमध्ये २०२० साली घेतलेली हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली, पुढे तीन चकत्या मागे आठ, वजन साधारण १४ किलो. रविवारी खडकवासला, कधी जास्तच हुरूप आला तर डोणजे फाट्यापर्यंत, एवढंच. एका दिवसात सगळ्यात जास्त चालवलेलं अंतर ६२ किलोमीटर आणि त्यानंतर दोन दिवस सायकलकडे बघितलं नव्हतं. त्यामुळे सलग तीन दिवस रोज सत्तर हे आपल्याला झेपतं की नाही हेच मुळात माहीत नव्हतं.

पण खरी अडचण अंतराची नव्हतीच. जून २०२२ मध्ये मी एका ग्रुपबरोबर वाईला जायची राईड केली होती. पैसे भरून, टीशर्ट घेऊन, सगळं रीतसर. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत बरोबर होते सगळे, नंतर जे पुढे गेले ते गेलेच. खंबाटकीच्या चढाला माझं मागचं चाक पंक्चर झालं, किट होतं पण आयुष्यात कधी स्वतः मागचं चाक काढलेलं नव्हतं, आणि शेजारून ट्रक चाललेले. आयोजकांना तीन फोन केले, एक लागला, "येतोय येतोय" म्हणाले. पावणेदोन तास उभी होते. शेवटी एका टेम्पोवाल्या काकांनी सायकल मागे टाकून मला खंबाटकीजवळच्या खंडाळ्याच्या (लोणावळ्याचं नव्हे) पंक्चरवाल्याकडे सोडलं. तिथून घरी आले ती रडत आले. त्या दिवशी चिडले ती पंक्चरवर नाही, आपण नाही आहोत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही ह्याच्यावर. त्यानंतर दीड वर्ष कुठल्याही ग्रुप राईडला गेले नाही. म्हणून हा फोटो कितीही उघडून बघितला तरी पोटात गोळा यायचा.

दिवाळी गेली. भाऊबीजेला भाऊ आला होता, त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "समुद्राकाठून जायचंय ना, मग काय, सपाटच असणार." मलाही तसंच वाटत होतं. मग ह्या राईडच्या आयोजकांनी मेसेजमध्ये दिलेली रस्त्याची फाईल मोबाईलवर उघडली आणि चढउताराचा आलेख बघितला तर करवतीचे दात असावेत तसा दिसला. ह्यावर थोडं सविस्तर लिहिते कारण कोकण म्हटल्यावर बहुतेक जण इथेच फसतात. किनाऱ्याने जाणारा रस्ता किनाऱ्यावरून जात नाही. गाव असतं खाली, खाडीच्या किंवा पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, काठी, नारळी-पोफळीत. दोन गावांच्या मध्ये असतो सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, शंभर-दीडशे मीटर उंच. रस्ता प्रत्येक गावातून उठतो, सड्यावर चढतो, दोन-चार किलोमीटर वर चालतो आणि पुढच्या गावासाठी परत तळाला उतरतो. एकही चढ मोठा नाही पण ते संपतच नाहीत, आणि सगळा चढलेला चढ पाच मिनिटांत उतरून टाकायचा. दुसऱ्या दिवसाचा एकूण चढ त्या फाईलमध्ये ११०० मीटरच्या पुढे दाखवत होता. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचं तर गोळेवाडीपासून सिंहगडाचा गाडीरस्ता नऊएक किलोमीटर आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ दोन सिंहगड, एका दिवसात, तुकड्या तुकड्यांनी, दमट हवेत. आणि मी तोपर्यंत सिंहगड सायकलवर एकदाही पूर्ण चढले नव्हते.

तेव्हा मनातून "नाही" ठरवून टाकलं होतं. मैत्रिणीलाही तसं कळवलं. ती म्हणाली, नाही म्हणायचं तर म्हण पण आधी त्यांना फोन कर आणि जे विचारायचं ते सगळं विचार, न विचारता नाही म्हणू नकोस.

१८ तारखेला शनिवारी दुपारी फोन केला. त्याआधी वहीच्या पाठकोऱ्या पानावर प्रश्न लिहून काढले होते, कारण मला माहीत होतं की समोरचा माणूस भराभर बोलायला लागला की मी निम्मं विसरणार. पहिला प्रश्न हाच होता, सगळ्यात मागे कोण असतं? त्यांनी एका सेकंदाचाही वेळ न घेता सांगितलं, "ताई, मागे माझा एक माणूस सायकलवर असतो आणि त्याच्या मागे गाडी. त्याच्या मागे कोणीही रायडर राहायचा नाही, हा आमचा नियम. तुम्ही फोटो काढायला थांबलात तर तोही थांबणार." मग विचारलं की हायब्रिड चालेल का. म्हणाले, उलट बरी, मधले काही पट्टे खडी उखडलेले आहेत, बारीक टायरवाल्यांनाच पंक्चरची भीती जास्त. किती जण? ३२, त्यातल्या ९ बायका. स्पीडची अट? नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत दाभोळ जेट्टीला पोचणार नाहीसं दिसलं तर गाडीत बसवणार, कारण अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. संडासाची सोय? प्रत्येक पाण्याच्या थांब्याला नाही, पण रोज दोन ठिकाणी घरगुती खानावळ किंवा देवळाजवळची सोय धरून ठेवलेली असते, कुठे कुठे ते आदल्या रात्री सांगतात. हा प्रश्न विचारायला बायका लाजतात. विचाराच. त्याचं उत्तर सरळ आलं नाही तर त्या आयोजकांनी बायकांचा विचार केलेला नाही असं खुशाल समजा.

शेवटी मी त्यांना २०२२ चं सगळं सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही या असं मी म्हणत नाही. डिसेंबरमध्ये एकदा शनिवार-रविवार सलग साठ-साठ चालवून बघा. रविवारी सकाळी सायकलवर बसावंसं वाटलं तर या. आणि एक सांगतो, गाडीत बसायची लाज वाटणार असेल तर मात्र येऊ नका. जे लाज धरून बसतात त्यांनाच दुखापत होते."

फोन ठेवला आणि पहिल्यांदा वाटलं की जमेल कदाचित.

आता घर. लेकीची बारावी. बोर्डाचा लेखी पेपर २१ फेब्रुवारीपासून आणि प्रॅक्टिकल त्याच्या आधीच, म्हणजे मी जाणार होते ते बरोबर तिच्या सगळ्यात ताणाच्या दिवसांत. हे मला खात होतं, अगदी रात्री झोप लागेना इतकं. नवरा म्हणाला तीन दिवस मी आहे ना, डबे करतो, सोडायला जातो. पण बारावीच्या वर्षात आई समुद्रावर सायकल चालवायला गेली असं मला स्वतःलाच माझ्याबद्दल ऐकू यायचं. सासूबाईंना घाबरत घाबरत सांगितलं. त्या देवासमोर वाती वळत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "अगं, मी माझ्या आईकडे म्हणून दोन दिवस जायचे ना, तेव्हा पण घरात कुणाचं ना कुणाचं काहीतरी असायचंच. तू जा. मला फक्त रोज रात्री फोन कर." लेकीला शेवटी विचारलं, आणि खरं तर तिलाच आधी विचारायला हवं होतं. ती म्हणाली, तू घरात असलीस की दर तासाला येऊन विचारतेस किती झालं, तीन दिवस नसलीस तर बरंच होईल. मला जरा लागलं, पण ती मनापासून बोलत होती, आणि तिच्या बोलण्याने माझ्या मनावरचं ओझं उतरलं हेही तितकंच खरं.

२६ नोव्हेंबरला फॉर्म भरायला बसले. इथला सगळा कागदोपत्री भाग लिहिते, कारण मला कुणी सांगितला नव्हता. फॉर्मला आधारची प्रत, रक्तगट, दोन जणांचे आणीबाणीचे नंबर (दोन्ही एकाच घरातले चालत नाहीत, मी दुसरा भावाचा दिला), चालू औषधं, ॲलर्जी, आणि सही केलेलं जबाबदारीपत्र. ४५ वर्षांवरच्यांना ईसीजी आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट सक्तीचं. ते पैसे भरल्यानंतर १५ दिवसांत अपलोड करायचं. पैसे भरताना पहिल्यांदा खात्यातून गेले आणि पान अडकलं, पावती नाही, नाव यादीत नाही. मी घाबरून परत भरणार होते तेवढ्यात नवऱ्याने थांबवलं. स्क्रीनशॉट काढून आयोजकांना पाठवला, त्यांनी जागा दोन दिवस धरून ठेवली, मग बँक ट्रान्सफरने भरले. आधीचे ७,८०० सहाव्या दिवशी परत आले. तेव्हा ३० तारखेची शेवटची तारीख असेल तर तीसलाच भरायला बसू नका, चार दिवस हाताशी ठेवा.

परताव्याचे नियम मी फॉर्म भरायच्या आधी दोनदा वाचले होते आणि माझ्या निर्णयात त्यांचा मोठा वाटा आहे. ३१ डिसेंबरपर्यंत नाव मागे घेतलं तर निम्मे पैसे परत, त्यानंतर काही नाही, पण १० जानेवारीपर्यंत आपल्या जागी दुसरं कुणी देता येतं. म्हणजे मी हो म्हटलं तरी डिसेंबरची चाचणी देऊन मागे फिरायला जागा होती. ३,९०० रुपये गेले तर गेले असं मनाशी ठरवलं. एकदम आयुष्यभराचा निर्णय घेतल्यासारखं वाटत होतं ते त्या आकड्याने जरा आटोक्यात आलं.

ईसीजीचे ४५० आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची फी ३००. डॉक्टरांनी जिना चढउतर करायला लावून नाडी बघितली, बीपी बघितलं, हिमोग्लोबिन करून घ्या म्हणाले. ते १०.४ आलं. हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं की चढाला जो दम लागतो तो सगळा वयाचा समजू नका. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा ही सगळी खटपट कारणी लागली असं मला वाटतं. बायकांनो, राईडला जा न जा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. सर्टिफिकेट अपलोड केलं तर दोन दिवसांनी परत आलं, शिक्क्यावर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर दिसत नव्हता म्हणून. पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग. नंबर ठळक लिहून घ्या आणि तिथेच फोटो काढून वाचता येतोय का बघा.

इन्शुरन्सचंही बघितलं. माझ्या पॉलिसीत शर्यती आणि साहसी खेळ वगळलेले होते. ही राईड शर्यत नाही, वेळ मोजत नाहीत, नंबर काढत नाहीत, तरी मी ईमेल करून विचारलं. फोनवर प्रत्येकाने वेगळं सांगितलं म्हणून लेखी मागितलं. सहा दिवसांनी उत्तर आलं की स्पर्धा नसेल तर चालेल. ते उत्तर प्रिंट काढून फाईलला लावलं.

मग सराव. मंगळवार-गुरुवार पहाटे साडेपाचला निघून तासभर, रविवारी मोठं. १० डिसेंबरला सिंहगड. अर्ध्यात दोनदा उतरले, दहा-दहा मिनिटं बसले, पण पायी ढकलली नाही, वर पोचले. वर गाडीतळाजवळ कांदाभजी आणि दही घेतलं आणि तिथे बसून सासूबाईंना फोन केला, का केला माहीत नाही, त्यांनाच करावासा वाटला.

२३ आणि २४ डिसेंबर, ती चाचणी. शनिवारी पानशेतला जाऊन आले, साठाला थोडे कमी. रात्री पाय भरून आलेले, बसायच्या जागी सोललेलं. रविवारी पाचला गजर झाला, बाहेर थंडी, आणि मी अंथरुणात पडून विचार करत होते की आता उठले नाही तर सगळं इथेच संपलं. उठले. बोपदेव घाट चढून सासवड, आणि परत. कात्रज-कोंढवा रस्त्यावर ट्रॅफिक आणि धूळ इतकी की घाट त्यापेक्षा सोपा वाटला. येताना घाटाच्या माथ्यावर थांबले. पाय दुखत होते पण बसावंसं वाटत होतं सायकलवर, उद्या परत चालव म्हणालं असतं कुणी तर चालवली असती. त्या माथ्यावर ठरलं. घरी येऊन मैत्रिणीला एवढंच टाइप केलं, "जातेय."

सोललं होतं त्याचं सांगते, कारण कुणी बोलत नाही. पॅडवाली सायकल शॉर्ट घालायची तर आत काही घालायचं नाही, मी आतापर्यंत घालत होते आणि त्याची शिवण घासत होती. निघताना पेट्रोलियम जेली भरपूर लावायची. अशा शॉर्ट दोन तरी हव्यात, रोज धुवून वाळलेली हवी, ओली घातली की संपलंच. १,४०० ची एक आणखी घेतली. सॅडल एक सेंटिमीटर वर घेतली, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने सर्व्हिसिंग करून ब्रेक पॅड बदलले, ८५० झाले, आणि त्याच्याकडूनच मागचं चाक काढणं-घालणं शिकले. त्याने मला पाचदा काढायला लावलं, पाचही वेळा वेळ लावून बघितली. खंबाटकीच्या त्या पावणेदोन तासांचं जे होतं मनात ते त्या दुकानाच्या पायरीवर, काळ्या हातांनी, पुष्कळ हलकं झालं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला सर्दी-ताप आला आणि १० तारीख जवळ. नाव दुसऱ्याला द्यायची शेवटची संधी. ९ तारखेला ताप उतरलेला, अंगात काही नाही. आयोजकांना फोन केला, ते म्हणाले तीन दिवस सायकलला हात लावू नका, मग चाला, मग चालवा, अजून सोळा दिवस आहेत. दिलं नाही नाव. १० तारीख रात्री बारा वाजून गेल्यावर जे वाटलं ते भीती होती की आनंद हे मला आत्ताही नीट सांगता येत नाही.

२५ जानेवारी, गुरुवार रात्री साडेनऊला स्वारगेटहून बस. सायकली आधी टेम्पोत चढवल्या, पेडल काढून, दोन सायकलींच्या मध्ये जुन्या चादरी घालून. आपापली एक चादर आणा असं सांगितलं होतं, आणाच. ताम्हिणी, माणगाव करत पहाटे हरिहरेश्वर. पौष पौर्णिमा होती, बसच्या खिडकीतून सगळा घाट चांदण्यात दिसत होता आणि मला झोप आली नाही.

सकाळी सातला निघालो. चार-पाच किलोमीटरवर बागमांडल्याची जेट्टी. प्रजासत्ताक दिन, शुक्रवार, लांब सुट्टी, त्यामुळे गाड्यांची रांग पार वरपर्यंत. सायकली रांगेच्या कडेने थेट पुढे जातात, आधी चढतात, हे माहीत नसतं तर आम्ही तिथेच उभ्या राहिलो असतो. पलीकडे वेश्वी, आणि वेश्वीनंतरच्या चढाला माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. मागे तो टेल रायडर, म्हणजे आयोजकांचा सगळ्यात मागे राहणारा माणूस, होताच, पंचविशीतला मुलगा, त्याने पाय ताणून दिला, मीठ-साखरेचं पाणी दिलं, तरी परत आला. म्हणाला, "काकू, केळशीपर्यंत गाडीत बसा, पुढे आडे-पाडल्याचा रस्ता समुद्राला लागून आहे, तो चुकवू नका, त्यासाठी पाय वाचवा." बसले गाडीत. ९ किलोमीटर. वाईट वाटलं, पण फोनवरचं ते लाज धरणाऱ्यांचं बोलणं आठवलं. केळशीला उतरले आणि आडे ते पाडले तो पट्टा चालवला, डाव्या हाताला माडाची वाडी, उजव्या हाताला बुटका बांध आणि लगेच लाटा. पुढे आंजर्ल्याचा पूल, हर्णैचा चढ, कर्दे. रात्री सोलकढी तीन वाट्या प्याले.

दुसरा दिवस, ज्याची खरी भीती. सकाळी सहाला घावणे-चटणी खाऊन निघालो. लाडघर, बुरोंडी, कोळथरे. चढ, उतार, चढ, उतार. आंब्याला मोहोर आलेला, सड्यावर गार वारं आणि खाली गावात उतरलं की मोहोराचा तो गोडसर जड वास अंगावर येतो, परत वर चढलं की नुसता वाळलेल्या गवताचा. दहाव्या चढानंतर मी मोजायचं सोडलं. सगळ्यात हलक्या गियरवर, ताशी सहाच्या वेगाने. दीड-दोन तास माझ्या पुढे कुणीच दिसत नव्हतं. अशा वेळी २०२२ मध्ये जसं वाटलं होतं तसं वाटायला लागायचं आणि मग मागून त्या मुलाच्या सायकलच्या फ्रीव्हीलचा कट-कट-कट आवाज यायचा. तो बोलत नव्हता, जवळ येत नव्हता, "चला चला" करत नव्हता. फक्त तो आवाज. मी थांबले की आवाज थांबायचा. त्या आवाजावर मी दाभोळला पोचले, एक वाजून दहा मिनिटांनी.

दाभोळची जेट्टी उतारावर आहे, रॅम्पला शेवाळ आणि चिखल, तिथे सायकलवरून उतरून, ब्रेक धरून, तिरकं चालत जायचं. आमच्यातले एकजण बसूनच गेले आणि घसरले, कोपर फुटलं. बोटीत सायकली कठड्याला टेकवून हँडल एकमेकांत अडकवले आणि एका काकांनी स्वतःहून दोरी आणून बांधून दिली. वाशिष्ठीच्या पाण्यावर ती काही मिनिटं, वारं, वर घारी. घाम वाळून हातावर मिठाचे पांढरे चट्टे पडलेले, मी ते बोटाने खरवडत बसले होते. धोपाव्याला उतरलं की रॅम्पवरूनच चढ सुरू, तेव्हा बोट लागायच्या आधीच गियर हलका करून ठेवा. चढावर बदलायला गेलं की चेन पडते, माझी पडली. स्वतः बसवली.

गुहागर, पालशेत, अडूर, आणि संध्याकाळी पावणेसहाला वेळणेश्वर. सगळ्यात शेवटची मी आणि तो मुलगा. बाकीचे आंघोळी करून चहा पीत बसले होते, जागा सरकवून दिली, कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, ते मला फार बरं वाटलं. रात्री फोन केला तर सासूबाईंनी आधी विचारलं जेवलीस का, मग लेकीने सांगितलं केमिस्ट्रीचे दोन धडे झाले. पुळणीवर गेले तेव्हा चंद्र डोंगरामागून नुकता वर येत होता.

तिसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यात, कारण पाय सरावले होते आणि मन मोकळं होतं. हेदवी, तवसाळ, तिसरी जेट्टी, जयगड, मालगुंड. गणपतीपुळ्याला गर्दी इतकी की दर्शन बाहेरूनच. मग आरे-वारे. फोटोतलं ते वळण आलं तेव्हा मी थांबले. फोटोत दिसत नाही ते हे, की त्या वळणावर येण्याआधी चढ आहे आणि वर आल्यावर वारा इतका लागतो की सायकल धरून उभं राहावं लागतं. टेल रायडर मागे थांबला, मी किती वेळ उभी होते त्याने विचारलं नाही. रत्नागिरीत अडीचला पोचलो.

एकूण खर्च विचारतील त्यांच्यासाठी : राईड ७,८००, डॉक्टर-ईसीजी-रक्त मिळून १,०५०, शॉर्ट आणि सर्व्हिसिंग २,२५०, वाटेतलं सरबत-शहाळी आणि जेट्टीची तिकिटं पाचशेच्या आत. सोमवारची एक रजा. ती रजा आधीच टाकून ठेवा, मी शेवटच्या आठवड्यात टाकली आणि साहेबांना दोनदा विनवावं लागलं.

बस सोमवारी पहाटे चारला स्वारगेटला आली. नवरा घ्यायला आलेला. दुपारी उठून सायकल खाली पार्किंगमध्ये उलटी केली, चेनमध्ये वाळू आणि सगळ्या फ्रेमवर जांभ्याची तांबडी धूळ. लेक पुस्तक घेऊन पायरीवर बसली होती, मधेच उठून फडकं घेऊन आली. मागचं चाक मी काढलं, तिने धरलं.